पायी दिलेलं आमंत्रण

थान रुइयान ही आमच्या शिकोउ गावची. प्रांताच्या क्रीडा महाविद्यालयात शिकते आणि चालते. पळत नाही, चालते. वीस किलोमीटर चालायची शर्यत असते, त्यात एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो आणि पुढचा गुडघा ताठ. दोन्ही पाय सुटले की पंच लाल पाटी दाखवतात, तीन पाट्या झाल्या की घरी. रुइयानला पाच वर्षांत एकही लाल पाटी मिळाली नव्हती. ही बढाई नव्हे, तो तिचा स्वभावच आहे. तिला खोटं पाऊल टाकता येत नाही, आणि खोटं बोलताही येत नाही. आमच्या डोंगरात पहिल्या गोष्टीचं कुणाला काही वाटत नाही, दुसरीला मात्र सगळे वैतागतात.

त्या वर्षी बाराव्या महिन्यात ती सुट्टीला आली, तेव्हा आई दारात बसून पाटावर डुकरासाठी पाल्याची कुट्टी करत होती. गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"आलीस? बरं झालं. अठराला डुक्कर कापायचंय. आमंत्रणं तुलाच द्यायचीत," आई म्हणाली. बस कशी होती, जेवलीस का, असलं काही नाही.

आता आमंत्रण म्हणजे काय ते सांगतो. वर्षाचं डुक्कर कापलं की घर नातलगांना ताज्या मांसाचं जेवण घालतं. आमंत्रण पायी जाऊनच द्यायचं. फोन सगळ्यांकडे आहेत हो, म्हाताऱ्यांकडेसुद्धा. पण फोनवर बोलावलेल्यानं फोनवरच जेवावं, असं आमच्याकडे म्हणतात. आणि जो बोलवायला जातो, तो त्या घरी आधी जेवतो. तुम्ही आमचं खाल्लंत की आम्ही तुमचं खाणार, साधा हिशेब.

रुइयानच्या घरी दोन वर्षं हे जेवण झालं नव्हतं. वडील चार वर्षांपूर्वी बोगद्याच्या कामावर गेले ते पेटीतूनच परत आले. गेल्याच्या आदल्या वर्षी आई आजारी होती, गेल्या वर्षी रुइयान शिबिरात. तिसऱ्या वर्षीही जेवण झालं नाही तर ते घर नातलगांच्या वर्तुळातून गळतं. तसं कुणी तोंडावर सांगत नाही. त्यांची आमंत्रणं यायची थांबतात, लावणीला हात यायचे थांबतात, आणि शेवटी, ज्याची खरी भीती असते ते, शवपेटी उचलायला आठ माणसं लागतात ती येत नाहीत. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एका म्हाताऱ्याची पेटी ट्रॅक्टरवरून नेली होती. आई ती गोष्ट वर्षातून दहादा सांगायची, आणि दर वेळी ट्रॅक्टरचा रंगही सांगायची.

"तू बाहेर असणार," आई म्हणाली. "चांगलंय, चाल. पण इथे मी पडले तर मला बघायला ही तीन घरंच आहेत. मातांगची तुझी आत्या, श्योंगपिंगचा काका आणि हुआंगलिनचा मामा. हे तिघे आले की बाकीचे मागोमाग येतात."

"आई, मला मांस चालत नाही."

"ठाऊक आहे. अंगठा मीच उठवलाय ना त्या कागदावर."

कागद असा होता: बाजारच्या काही डुकरांना चरबी कमी व्हावी म्हणून एक औषध घालतात. ते मांस खाल्लं की खेळाडूच्या लघवीत तेच औषध दिसतं, आणि मग मी नाही त्यातली म्हणून कितीही ओरडा, उपयोग नाही. म्हणून महाविद्यालयाच्या भटारखान्याबाहेरचं मांस बंद. खाल्लंच तर तीन दिवसांत स्वतः शिकवणाऱ्या सरांना कळवायचं. तपासणीचा अहवाल येईपर्यंत नाव यादीबाहेर. आणि वसंतात वीस वर्षांखालच्या प्रांतसंघाची निवड होती. रुइयान एकोणीस वर्षांची. तिच्यासाठी ही शेवटची.

"म्हणून तर सांगते, नवस सांग," आई म्हणाली. "कुआनयिन देवीला बोललेय, वसंतापर्यंत मांस सोडलंय म्हणावं. देवीपुढे कुणाची बोलायची टाप नाही."

"मी तिला काही बोलले नाहीये."

"मग आत्ता बोल! ती काय तिथे फळीवर बसलीय."

"असा नवस होत नाही, आई."

"अगं, होतो कसा ते मला शिकवतेस?" आईनं पाल्यावर सुरा असा काही हाणला की पाटाचा टवका उडाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रुइयान निघाली. पिशवीत उकडलेली रताळी आणि अंडी. धुकं इतकं की पुढची पायरी दिसेना, पण शिकोउ ते हुआंगलिन अंतर जवळजवळ वीस किलोमीटर, त्यामुळे तिला ते घरचंच वाटलं. ती तिच्या शर्यतीच्या चालीनं चालायला लागली, कंबर इकडून तिकडे हलवत. वाटेत सरपण नेणारी एक बाई बाजूला झाली आणि म्हणाली, "पोरी, कमरेत उसण भरलीय का? मातांगला चांगला हाडवैद्य आहे."

मातांगला आत्यानं आगटीवर आधीच हंडी चढवली होती. वर छताला काळंभोर धुरावलेलं मांस टांगलेलं. आत्यानं भाची बसायच्या आत वाडगा भरला.

"आत्या, मला बाहेरचं मांस चालत नाही. सरांची बंदी आहे."

"बाहेरचं?" आत्याचा डाव हवेतच राहिला. "तुझा बाप माझ्या पाठीवर वाढला. मी बाहेरची?"

"तसं नाही. मांसात औषध असतं कधी कधी."

"माझ्या डुकराला औषध! अगं, मला ताप आला तर मला कुणी औषध देत नाही या घरात. ते डुक्कर माझ्यापेक्षा चांगलं जेवलंय. मका, रताळी, वर कोमट पाणी."

"मला माहीत आहे, आत्या. पण नियम सगळ्या डुकरांना सारखाच आहे."

आत्यानं वाडगा उचलला, मांस परत हंडीत ओतलं आणि झाकण घातलं. "ठीक आहे बाई. आईला सांग, अठराला आम्हाला जमायचं नाही. आमच्याही सरांची बंदी आहे."

श्योंगपिंगचा काका थट्टेखोर माणूस. त्यानं आधी रुइयानला अंगणात चालून दाखवायला लावलं. मग मागोमाग स्वतः चालून दाखवलं, तेव्हा त्याची बायको हसता हसता जात्यावर टेकली. सगळं छान चाललं होतं. मग जेवण आलं आणि रुइयाननं खरं ते सांगितलं.

काका हसायचा थांबला नाही, हेच वाईट. त्यानं तिचा वाडगा उचलून दारातल्या कुत्र्यापुढे ठेवला. "हे खाईल. याला सर नाहीत," तो म्हणाला. अठरा तारखेबद्दल तो काही बोलला नाही, तिनंही पुन्हा विचारलं नाही.

श्योंगपिंग ते हुआंगलिन मध्ये खिंड आहे. तिथे ती दगडावर बसली आणि एक रताळं खाल्लं. दोन घरं गेली. मामानं नाही म्हटलं की तिसरं गेलं, आणि मामाकडे बघून जी येणार ती सगळीच गेली. अठराला आई अंगणात एकटी, समोर आख्खं डुक्कर आणि मांडलेली रिकामी मेजं. तिला रडू आलं. चालताना रडू नये असा काही नियम नाही, म्हणून ती उठली आणि रडत रडत चालू लागली, गुडघा ताठ ठेवून.

मामाकडे त्याच दिवशी डुक्कर कापलं होतं. अंगणात दहाबारा माणसं, वाफ, आणि मध्ये मामा, पंग चांगगुई. कमी बोलणारा. आईचा थोरला भाऊ, आणि आमच्याकडे मामाच्या वर कुणी नाही. लग्नात तो बसल्याशिवाय कुणी बसत नाही, आणि मरणात तो आल्याशिवाय पेटीला खिळा ठोकत नाहीत.

त्यानं तिच्या वाडग्यात तळहाताएवढा तुकडा ठेवला. दोन बोटं जाड, निम्मी चरबी. पाहुण्याचा तुकडा.

"खा."

नवस म्हणायला तोंड उघडायचा अवकाश होता. कुआनयिन एवढं बोललं की झालं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण समोर मामा होता, आणि त्याचे डोळे आईचेच. तिला ते जमलं नाही. तिला आईचा गुडघा आठवला, आणि तो ट्रॅक्टर. तो निळा होता.

तिनं खाल्लं. चव फार चांगली होती, हीच पंचाईत. मामानं दुसरा ठेवला, तोही खाल्ला.

"येतो," मामा म्हणाला. "अकराजण."

परत जायला खालून सडक होती, बस होती. ती वरच्याच वाटेनं गेली. श्योंगपिंगला काकाच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, एक तुकडा द्या." काकानं तिच्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच थट्टा न करता आत गेला. मातांगला पोचली तेव्हा आत्या अजून फुगलेलीच होती.

"का गं, दिली वाटतं सरांनी परवानगी?"

"नाही."

"मग?"

"वाढा, आत्या."

आत्यानं दोन तुकडे वाढले. पोरगी घास गिळेपर्यंत समोर बसून राहिली, आणि मग तिचा राग गेला तो गेलाच. निघताना तिनं गालाला हात लावला.

दिवेलागणीला रुइयान घरी पोचली. "येतायत," एवढंच म्हणाली. आईला वाटलं, पोरीला शहाणपण आलं, घेतलं असेल देवीचं नाव. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर रुइयाननं सांगितलं असतं.

खाल्ल्यापासून तिसऱ्या दिवशी अठरा तारीख. अडतीस माणसं आली. डुक्कर धरायला सहाजण पुरले असते, दहाजण धावले. काकानं शेपटी धरली आणि कापणाऱ्यालाच अक्कल शिकवत राहिला. पाच मेजं भरली, दोन शेजारून आणावी लागली. आई गुडघा विसरून मेजामेजांतून फिरत होती. चार वर्षांत तिचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला नव्हता.

"अगं, पोर गुणाची आहे हो तुझी," आत्या भरल्या तोंडानं म्हणाली. "आधी जरा शिष्टपणा केला, पण मग माझ्याकडे दोन तुकडे खाऊन गेली!"

"माझ्याकडे एक," काका ओरडला. "मागून घेतला!"

आई हातात पळी घेऊन उभी राहिली. "काय खाल्लंस?"

"पाच तुकडे," रुइयान म्हणाली. "आज सरांना सांगायचंय. आज शेवटचा दिवस."

आमच्या शिकोउत फोनला रेंज फक्त डुकराच्या गोठ्याच्या भिंतीवर येते. फोन भिंतीवर ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि खालून ओरडायचं. भिंत पहिल्या मेजापासून चार पावलांवर. त्यामुळे पुढचं सगळं अडतीस माणसांनी ऐकलं.

"लुओ सर, मी बाहेरचं मांस खाल्लं. पाच तुकडे, तीन घरचे."

"कुणी जबरदस्ती केली?" पलीकडून सरांनी विचारलं.

"नाही. मीच मागून खाल्लं."

"मला कळलंही नसतं, थान."

"हो, सर."

"यादी दहा दिवसांत जाते. अहवालाला महिना लागतो."

"माहीत आहे, सर."

"आणि पुढच्या वर्षी तुला वीस पूर्ण. म्हणजे संघ गेला. हे कळतंय ना तुला?"

"कळतंय, सर."

मामा उठला. तो उठल्यावर सगळेच अर्धवट उठले. तो भिंतीशी गेला आणि फोनकडे तोंड करून म्हणाला, "मी मामा बोलतोय. मांस मी वाढलं. माझ्या डुकरानं रताळ्याशिवाय काही खाल्लं नाही. हवं तर तपासायला माणूस पाठवा, अर्धं अजून टांगलंय."

"मामा, प्रश्न डुकराचा नाही," सर म्हणाले.

"मग पोरीचा आहे? ती खरं बोलली म्हणून?"

सर काहीतरी बोलले, पण तेवढ्यात रेंज गेली.

कुणी जेवेना. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. "अगं, संघ जाईल हे आधी नाही का सांगायचं? आम्ही काय वैरी होतो तुझे?"

"बंदी आहे म्हटलं होतं, आत्या."

आत्यानं तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला आणि हमसून रडली. मामा तसाच भिंतीशी उभा.

"जेवा," आई म्हणाली. "निवतंय." आणि वाढायला लागली. तेव्हा सगळे जेवले, शेवटच्या चमच्यापर्यंत, मान खाली घालून. जाताना एकेकानं आईला पुढच्या महिन्यातलं आपलं बोलावणं सांगितलं. कुणाच्या घरचं बारसं, कुणाची साठी. मामा म्हणाला, काही लागलं तर निरोप धाड, फोनवर धाडलास तरी चालेल. आमच्या डोंगरात असं मी पहिल्यांदा ऐकलं.

सगळे गेल्यावर आई भिंतीला टेकून रुइयानच्या शेजारी बसली. गुडघा आता दुखायला लागला होता. ती बराच वेळ तो चोळत राहिली.

"एक खोटं बोलता आलं नाही तुला."

"नाही."

"मला उचलायला आठजण हवेत म्हणून खाल्लंस?"

"हो."

आईनं गुडघ्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं.

"तुझ्या बाबांशेजारीच तर ठेवायचं मला. उतारच आहे सगळा," ती म्हणाली. "चारजण पुरले असते गं. मी काही एवढी जड नाही."