कुंपणापलीकडचा चोथा

हे आजवर कुणापाशी बोलले नाही. नवरा असता तर त्याच्यापाशीही बोलले नसते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मंदाला ओळखत नाही.

तिसगावच्या कडेला माझं घर, मागे थोडी वांगी, मिरच्या. कुंपणापलीकडे मंदा, तिचा नवरा, सासू. शेळी बांधली की मंदा माझ्या ओट्यावर येऊन टेकायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस. मग तिच्याच बाबतीत माझ्या हातून असं व्हावं? — व्हावं कसलं, मी केलं.

वांग्यांवर मावा पडला होता. दहा झाडांचा पाला उकळून दशपर्णीचा काढा करायचा होता. कडुनिंब, करंज, रुई, आणि कण्हेरसुद्धा. बचत गटात शिकवायला आलेल्या बाईंनी बजावलं होतं — झाडपाल्याचं असलं तरी विष ते विषच. भांडं वेगळं ठेवा, हातात मोजे घाला, उरलेला चोथा खोल पुरा, जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. मी मान डोलावली होती. भांडं वेगळं ठेवलं, मोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं — स्वतःचा जीव कुणाला प्यारा नसतो? खड्डा मात्र खणला नाही. जमीन टणक होती, कंटाळा आला. चोथा आणि उरलेला कण्हेरीचा पाला कुंपणापलीकडे टाकून दिला. झाडपाला तर आहे, म्हटलं.

संध्याकाळी मंदाची शेळी तिथेच आडवी झाली. माहेरहून आणलेली, गाभण. मंदाने दुपारी तिला बांधावर चारलं होतं आणि शेजारी पाण्याला ताणलेली कोवळी ज्वारी होती. तशी ज्वारी पोटात गेली की जनावराला किराळ लागते, तडफडून मरतं, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक.

मला चोथ्यातली खाल्लेली पानं दिसत होती. सासूने विचारलं, "ताई, कशानं झालं आसंल वं?"

"किराळ लागली असेल," मी म्हणाले.

कुणी माझा गळा धरला होता का? नाही. मंदा माझ्याकडे बघत होती — तरी म्हणाले. अंधार पडायच्या आत तो चोथा गोळा करून पुरला. तेव्हा बरा खणता आला खड्डा.

शेळीमुळे मंदा घरी राहायची. त्या साली दसऱ्यानंतर सासूने तिलाही नवऱ्याबरोबर ऊसतोडीला धाडलं. निघताना ती माझ्याकडे आली. "मावशी, माझंच चुकलं. ध्यान न्हाई ऱ्हायलं माझं."

मी म्हणाले, "होतं असं."

परत आल्यावर तिला ओट्यावर मीच टेकू दिलं नाही. कधी डोकं दुखतंय, कधी देवपूजा राहिलीय. हळूहळू ती यायची थांबली. आता संध्याकाळ सरता सरत नाही. एकटं वाटतं, फार वाटतं — पण ते कुठल्या तोंडाने बोलू?

तिला पुढे झालेली लेक आता शेळ्या राखते. सकाळी पोरगी निघाली की मंदा तिला सांगते, कुंपणाअलीकडे मला ऐकू येतं. "ज्वारीकडं जाऊ दिऊ नगं गं. माझ्या हातनं एक शेळी मेली हाय."

रोज सांगते. मी वांग्यांना पाणी घालत असते.