धुळ्याच्या बंद दारापर्यंत, नानांबरोबर

माझ्या आत्याचे यजमान नाना यांनी आयुष्यभर गुप्त मंडळांवर पुस्तकं लिहिली, पण एकाही मंडळाचा उंबरा कधी ओलांडला नाही. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त नानांसमोर कोणी विषय काढत नाही. त्यामुळे धुळ्याच्या एका जुन्या बंधुमंडळाने भेटायला बोलावलंय, तू ब्लॉग लिहितेस तर सोबत ये, असा त्यांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच सकाळी नाशिकहून जळगावची गाडी धरली. थंडीत जाणार असाल तर सकाळपुरती शाल घ्या. दुपारी ती हातात वागवावी लागते.

नाना जळगावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. बालपण मात्र भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं, वडील गार्ड. कॉलनीत खिडक्या कायम बंद असलेली एक इमारत होती. संध्याकाळी साहेबलोक चपट्या पेट्या घेऊन आत जायचे. पोरं तिला भूतबंगला म्हणायची. आत काय चालतं, असं नानांनी विचारलं तर वडिलांनी कान पिळला. त्या एका कानाची पुढे पाच पुस्तकं झाली.

पहिलं पुस्तक दुकानदाराने भुताखेतांच्या कप्प्यात ठेवलं आणि तेच सगळ्यांत जास्त खपलं. सभासद झाल्यावर धनलाभ होतो का, हे विचारायला वाचक अजून फोन करतात. या मंडळांत मुख्यतः विधी, दानधर्म आणि एकत्र जेवणं असतात, असं नाना सविस्तर समजावतात आणि समोरचा हिरमुसून फोन ठेवतो. आत्या म्हणते, या विषयाची तिच्याइतकी माहिती असलेली बाई खान्देशात नसेल, आणि तिने ती कधी मागितलेली नाही.

दुपारी रिक्षाने असोद्याला गेलो. हिवाळ्यात तिथलं भरीत चुकवू नका. लांब हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचतात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी. दीडशेच्या ताटात पोट तुडुंब भरलं. जेवता जेवता नाना मला सभासदांची हात मिळवायची खूण शिकवत होते. वाढणाऱ्या अक्का ते बघत थांबल्या आणि या मंडळांच्या आतल्या खोलीत नेमकं काय असतं, असं त्यांनी विचारलं.

"ते मी पाहिलेलं नाही," नाना म्हणाले आणि पुरीचा तुकडा मोडत राहिले. चौथ्या पुस्तकात त्यांनी आतल्या दालनाचं वर्णन अख्खं प्रकरणभर केलंय, हे मी अक्कांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने धुळे. एरंडोल, पारोळा करत अडीच तास लागतात, रस्ता आता चांगला आहे. नानांनी कोट घातला होता. पारोळ्यापर्यंत ते अखंड बोलत होते, नंतर खिशातली वही उघडून मिटत राहिले. हातातल्या सहाव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण याच मंडळावर लिहायचं होतं आणि प्रकाशक वाट पाहत होता.

कडुनिंबाखालच्या बैठ्या इमारतीपाशी राखणदाराने आम्हाला ओट्यावर बसवलं. "बठ्ठा मझार शेतस, भाऊ. बसा." सगळे आत आहेत हे ऐकून नानांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मंडळाचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी निघाले. घराणं मूळचं राजस्थानचं, मराठी थेट धुळ्याची. त्यांनी नानांची पाचही पुस्तकं वाचली होती. चौथं वाचताना आम्ही फार हसलो, असं ते इतक्या प्रेमाने म्हणाले की नानांना रागावताही येईना. मग त्यांनी बोलावण्याचं कारण सांगितलं. सभासद होण्याची गरज नाही, दालन दोघांनाही दाखवू. पण आत जे दिसेल त्यातलं एक अक्षरही लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.

मी विचार केला आणि सांगून टाकलं की मला राहवणार नाही, मी लिहीन. शेठजींनी माझ्यासाठी चहा मागवला.

नानांनी कोटाचं बटण पुन्हा काढलं. मी हळूच विचारलं, शेवटच्या प्रकरणाचं काय?

"प्रकरण राहू दे," ते म्हणाले. "मला बघायचंय."

दार उघडलं, नाना आत गेले, दार बंद झालं. माझे दोन चहा झाले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर कान पिळला जायच्या आधीचा पोरगा होता. चौथ्या पुस्तकातलं वर्णन बरोबर होतं का, असं मी जळगाव येईपर्यंत चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. त्यांनी मला खारे शेंगदाणे घेऊन दिले.

घरी आम्ही चपला काढायच्या आत आत्याने विचारलं, आत काय होतं? वचन दिलंय, नाना म्हणाले.

"आयुष्यभर न पाहिलेलं सांगत बसले," आत्या मला म्हणाली, "आणि आता पाहिलंय तर तोंड मिटलं."

मी नाशिकला परतून महिना झाला. नानांनी प्रकाशकाला शेवटच्या प्रकरणाविना हस्तलिखित दिलं, आता पुढचं पुस्तक नाही असंही कळवलं. त्या दिवशी मीही आत गेले असते तर हे सगळं तुम्हाला सांगता आलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. ती एरवी पटते. परवा मात्र आत्याचा फोन आला. नाना हल्ली संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून एकटेच हसत बसतात, म्हणाली. फोन ठेवल्यावर मला त्यांचा मनापासून हेवा वाटला.