सुमीचं नाव

माझ्या थोरल्या आत्याला गप्प करणारा माणूस बीड जिल्ह्यात अजून जन्मायचाय, अशी आमची खात्री होती. तो तिच्याच पोटी जन्मलाय, हे उशिरा कळलं. लिंबागणेशला ती एसटीत बसली की मांजरसुंबा येईपर्यंत कंडक्टरची शुगर आणि त्याच्या सासूचा स्वभाव तिला तोंडपाठ. एकदा मोबाइल कंपनीच्या पोरीने काहीतरी विकायला फोन केला. आत्याने तिला लिंबाच्या लोणच्याची रीत सांगितली, वर "लग्न कावून केलं न्हाई गं?" म्हणून झापलं. शेवटी त्या पोरीनेच फोन ठेवला.

जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची, फक्त सुमीवर नाही. सुमी तिची लेक, बाळंतपणात गेली. नाव काढलं की आई रडते, म्हणून नावच काढायचं नाही, असा शहाणपणा पोरांनी केला. रडणं थांबलं आणि झोपही गेली. अंगारे-धुपारे झाले, गोळ्या झाल्या. मग मीच तिला बीडच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या मुलीकडे नेलं.

बाहेर येऊन आत्या भडकली. "ना सुई, ना गोळी. मलाच इचारती, तुमाला काय वाटतं. मंग ही शिकली कशाला?" पुढच्या खेपेला मात्र धपाटे बांधून घेतले. म्हणे, पोरगी लई गप बसती, तिचंच काहीतरी दुखत आसंल. असं तिचं सांत्वन करता करता एक दिवस आत्या सुमीबद्दल बोलली. पोटभर रडली. घरी आली ती दिवेलागणीलाच झोपली, सकाळपर्यंत.

चार खेपा अजून झाल्या असत्या तर माणूस मार्गी लागलं असतं. पण भावकीतल्या कुणीतरी तिला तिथं पाहिलं. थोरला लेक मला म्हणाला, "पोराची सोयरीक जमायची हाय दादा. आजी येड्याच्या दवाखान्यात कावून जाती, आसं पाव्हण्यांनी इचारलं तर?" जाणं बंद झालं.

परवा चतुर्थीला गेलो तर आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. जेवलास का, एवढंच विचारलं. लेक कौतुकाने म्हणाला, "आता लई शांत झालीय बघा. काय तरास न्हाई." माझं डोकं फिरलं. तुला आई मेली तरी चालंल, सोयरीक जमली पाहिजे, असं त्याच्या तोंडावर सुनावलं. तो मोबाइल बघत आत निघून गेला.

"नगं भांडू," आत्या म्हणाली. "ती पोरगी लई भली व्हती पर. सुमीचं नाव घिऊ द्यायची."

मी तिच्या शेजारी बसलो, मूठभर शेंगा घेतल्या आणि विचारलं, "लहानपणी सुमी लई खोडकर होती का गं?"

आत्याने आधी दाराकडे पाहिलं. मग आपल्याच घरात, चोरासारखा आवाज बारीक करून, सांगायला लागली.