परतीच्या वाटेवरचा खरखराट

आमच्या केबलच्या धंद्यात वरचं काम ह्यांचं आणि खालचं माझं, अशी वाटणी होती. खांबावर, गच्चीवर, टिनाच्या पत्र्यावर चढायचं ते ह्यांनी. कंट्रोल रूममध्ये बसून कुणाचं चॅनल गेलं, कुणाचं नेट बंद पडलं ते फोनवर ऐकून घ्यायचं ते मी. एका हिवाळ्यात हे कठड्यावरून घसरले आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण शिडीचं नाव काढू नका. तेव्हापासून वाटणी उलटी झाली. यंत्रांपुढच्या खुर्चीत हे, आणि शिडी घेऊन गल्लीत मी.

तार सोलणं, टोकाला कनेक्टर बसवणं मला येत होतं. शिडीचीही सवय झाली. सवय झाली नाही ती लोकांच्या बघण्याची. शिडी टेकवली की कुणीतरी फाटकाशी येऊन विचारायचं, भाऊ नाही आले का? एक जण सरळ म्हणाला, भाऊ पडले तेव्हापासून लाईनीचा कचरा झाला. मी घरी येऊन हे सांगितलं नाही. ह्यांना आधीच खुर्ची टोचत होती.

मे महिन्यात मानेवाड्याकडच्या एका गल्लीतून तक्रारी सुरू झाल्या. सकाळी नेट ठीक, संध्याकाळी ठीक, भर दुपारी तुटायचं. सगळ्यात जास्त फोन एका तरुण बाईचे. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरून करायची, आणि दिवसभर तिच्या मीटिंगा. नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात, सकाळी जाऊन रात्री यायचा. मी गल्लीत गेले तेव्हा ती म्हणाली, “ताई, मले सगळ्याईचं बोलणं ऐकू येते. माझंच कोणाले ऐकू येत नाही.” कंपनीनं तिला सांगून ठेवलं होतं, नेट सुधारलं नाही तर पुण्याला येऊन बसावं लागेल. सासरे इथे, मुलगी इथल्या शाळेत. ती कशी जाणार होती?

तिचं हे एक वाक्य माझ्याकडून ऐकूनच ह्यांनी दुखणं कुठलं ते ओळखलं. आमच्या कंट्रोल रूममधून निघालेल्या तारेला खांबाखांबावर फांद्या फुटत जातात आणि एकेक फांदी एकेका घरात शिरते. टीव्ही आणि नेट त्याच एका तारेतून जातात, फक्त दोघांच्या लहरी वेगळ्या. आमच्याकडून घरांकडे जाणारा रस्ता रुंद असतो. घरांकडून आमच्याकडे येणारा रस्ता अरुंद, आणि तो खालच्या लहरींवर असतो. मोटारींच्या ठिणग्या, ट्यूबलाईटची चोक, मिक्सर, सगळ्यांचा खरखराट नेमका त्याच लहरींवर. शिवाय परतीला सगळ्या घरांच्या फांद्या एकत्र होत येतात. एका घरात बाहेरचा खरखराट तारेत शिरला की सगळ्या गल्लीचं बोलणं त्यात बुडतं.

कुठल्या घरात, हे मात्र खुर्चीत बसून कळत नाही.

आधी मी गल्लीच्या तोंडाचा अॅम्प्लिफायर बदलला. काही झालं नाही. मग खांबांवरचे सगळे कनेक्टर काढून नवे बसवले. दोन दिवस बरं वाटलं, कारण आभाळ होतं. ऊन तापलं आणि तक्रारी परत आल्या. हे म्हणाले, संध्याकाळी शोधून काही सापडणार नाही, खरखराट असतो तेव्हाच जावं लागेल. म्हणजे भर दुपारी. ते असं म्हणाले आणि मान खाली घालून बसले. आपण घरात आणि बायको त्या उन्हात, हे त्यांच्या मनात होतं. मी दुपट्टा डोक्याला, तोंडाला गुंडाळला आणि निघाले.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शिडीला हात लावला की भाजत होतं. फोन कानाला दुपट्ट्यात खोचलेला. मी खांबावरून एका घराची फांदी सोडवायची आणि विचारायची. हे पडद्यावरची खरखराटाची रेघ बघून सांगायचे, “आहे.” मी ती परत जोडायची, पुढची सोडवायची. “आहे.” पुढचा खांब. “आहे.” माझ्या डोळ्यांपुढे काजवे यायला लागले होते. एका फांदीला पकड लावली, फिरवली, आणि हे हळूच म्हणाले, “गेलं.”

फांदी परत जोडून खाली बघितलं तर ते तिचंच घर. रोज फोन करणाऱ्या बाईचं.

ती हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून बसली होती. मी खुणेनं विचारलं, तिनं खुणेनंच आत जा म्हटलं. मागच्या खोलीत कूलर घरघरत होता. खाटेवर तिचे सासरे बसले होते, समोर टीव्ही चालू. आवाज पूर्ण बंद. बातम्यांतला माणूस नुसते ओठ हलवत होता आणि म्हातारबुवा त्याच्याकडे एकटक बघत होते. म्हातारबुवा पारशिवनीकडचे. बायको गेल्यावर शेत भाच्याकडे देऊन मुलाकडे राहायला आलेले.

मी टीव्हीच्या मागची तार धरून चालत गेले. ती कूलरच्या मागून खिडकीबाहेर गेली होती. तिथे आमची मूळ तार सुरीनं सोलून त्यात ही दुसरी पिळून जोडली होती, वरून काळी टेप. मी कूलर बंद करायला सांगितलं. हे फोनवर म्हणाले, रेघ साफ. चालू करायला सांगितलं. परत खरखराट.

म्हातारबुवांनी विचारलं, काय झालं. मी उलट विचारलं, जोड कुणी केला? ते म्हणाले त्यांनीच. सुनेची मीटिंग हॉलमध्ये असते म्हणून टीव्ही मागे आणला. मुलगा म्हणायचा, केबलवाल्यांना बोलावतो, पण त्याला वेळच होत नव्हता. जन्मभर विहिरीवरच्या मोटारीचे वायर जोडले, हा काय मोठा. आणि खरंच, मोटारीच्या वायरला तांब्याला तांबं टेकलं की काम होतं. आमची तार वेगळी. मधे तांब्याची तार, तिच्यावर पांढरं जाड आवरण, त्यावर पातळ चंदेरी पत्रा आणि बारीक तारांची जाळी. ती जाळी बाहेरचं काही आत येऊ देत नाही. बुवांनी तांबं जोडलं होतं, जाळी कापून टाकली होती. दुपारी ऊन तापलं की कूलर लागायचा, त्याची जुनी मोटार ठिणग्या टाकायची आणि त्या उघड्या जागेतून खरखराट थेट आत.

मी हे सगळं त्यांना शक्य तितकं साधं करून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे पोरीचं बोलणं माह्यामुळं तुटून राहिलं?”

मी म्हटलं, मुद्दाम थोडंच केलं तुम्ही.

“काढून टाक वं बाई तो वायर. मले नाई पाहाचा टीव्ही. अन् तिले सांगू नको.”

पण ती दारातच उभी होती. मीटिंग संपवून आली होती, हेडफोन गळ्यात. तिनं टीव्हीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आपले सासरे दुपारी झोपतात असंच तिला इतके दिवस वाटत होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बाबा, आवाज काहून बंद करून ठेवता? दार लावून घेतलं असतं मी.”

म्हातारबुवा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. ती आत गेली आणि माझ्यासाठी पन्हं घेऊन आली. एक ग्लास त्यांच्याही हातात दिला.

मी तार तोडली नाही. जुना जोड कापला, तिथे एका तारेच्या दोन करणारा स्प्लिटर बसवला, नवी तार ओढली. बुवा खाटेवरून उठून जवळ येऊन बसले आणि बघत राहिले. मग म्हणाले, दाखव मले. मी दाखवलं: वरचं काळं सोलायचं, जाळी मागे दुमडायची, पांढरं कापायचं, तांब्याला धक्का लावायचा नाही, कनेक्टर दाबायचा. दुसऱ्या टोकाचा कनेक्टर त्यांनी बसवला. दाब बरोबर पडला. मी कूलर चालू केला आणि फोनवर विचारलं. रेघ साफ होती.

“कोणी बसवला?” ह्यांनी विचारलं. मी सांगितलं. फोनवर हे हसले. खुर्चीत बसल्यापासून त्यांचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर ह्यांनी मला बसवलं, पायाखाली ओला टॉवेल दिला, आणि काठी टेकत स्वतः चहा केला. गल्लीतले लोक काय म्हणतात ते मी तेव्हा सांगून टाकलं. ते म्हणाले, मला माहीत आहे, फोन मीच घेतो ना.

तिला पुण्याला जावं लागलं नाही. त्या गल्लीत आता फायबरची, म्हणजे काचेची तार आली, तिच्यात खरखराट शिरत नाही. तीही मीच ओढली. फाटकाशी येऊन लोक अजून बघतात. हल्ली पाणी विचारतात.