कारखान्याची माती गेली कुठं?

बंद पडलेल्या कीटकनाशक कारखान्याची विषारी माती एका ग्रामपंचायतीनं ठराव करून हटवली, असं ऐकलं तेव्हा मी भर सभेत त्या गावाचं कौतुक केलं. टाळ्याही घेतल्या. खाली उतरल्यावर मित्रानं विचारलं, "पाहून आलास का?" दुसऱ्या सकाळी मी अमरावतीच्या स्टँडवर होतो.

तुम्हीही निघालात तर आधी दही-चटणीत भिजवलेला गरम गिला वडा खा, मग मूर्तिजापूरची बस धरा. दीडेक तास लागतो. पुढं ऑटो. तो भरेपर्यंत हलत नाही आणि भरल्यावर आणखी दोघं बसवतो. दोन्हीकडं नांगरलेली काळी रानं तापत पडलेली.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत.

कारखान्याची जागा खरंच लख्ख होती. सांडपाण्याचे खड्डे मुरूम टाकून बुजवलेले, कडुलिंबाची चार रोपं, 'स्वच्छ परिसर' असा फलक. मी फोटो काढले. सोबत सरपंच होते. सहज विचारलं, "माती टाकली कुठं?"

"टाकली नाई जी. वाटली."

"वाटली?"

"ठरावच तसा हाये. दवंडी देली, ज्याले पाह्यजे त्यानं ट्रॉली आना. तीन दिवसांत खड्डे खाली!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. उन्हाळ्यात तलावाचा गाळ फुकट न्यायचा आणि वावरात पसरायचा, ही इथली रीत. खड्ड्यातला वाळलेला काळा थर लोकांना गाळच वाटला. पंचायतीनंही तो गाळ म्हणूनच वाटला.

जवळच वच्छलाबाईंचं वांग्याचं वावर. त्यांनीही दोन ट्रॉल्या पसरलेल्या. रोपं उभ्या उभ्या जळालेली. दहा पावलांवर विहीर.

"वास येत होता, भाऊ," त्या म्हणाल्या. "मनलं, फवारनीच्या औषधाचा हाये, कीड तरी लागनार नाई." आणि हसल्या.

आम्ही तिघं पंचायतीत गेलो. वच्छलाबाईंचं एकच म्हणणं होतं, "पावसाचं पानी याच्या आंदी माती उचला. इहिरीत उतरलं तं आमी प्याव काय?"

ग्रामसेवकांनी ठराव वाचला. "यात कारखान्याची जागा आहे, बाई. तुमचं वावर नाही. अन् माती तुम्हीच नेली ना?"

"तुमी बोलावलं म्हनून नेली! जहर हाये म्हनून काहून नाई सांगतलं?"

याच ठरावावर मी व्यासपीठावरून टाळ्या घेतल्या होत्या. विष हटवायचा ठराव करून विष घरोघर पोचवलं, आणि कागदावर गाव स्वच्छ!

सरपंच हळूच ग्रामसेवकांना म्हणाले, "मी पाच ट्रॉल्या आंगनात टाकल्या. नात खेळते तिथं."

मग त्यांनीच सांगितलं, "ग्रामसभेची नोटीस काढा. समद्यांची माती परत घ्याची."

परत घेऊन ठेवणार कुठं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी अमरावतीत दाराशी बूट काढले. त्यांच्या तळांना ती काळी माती चिकटलेली. सवयीनं अंगणात झटकायला वाकलो आणि हात थांबला. बूट पिशवीत बांधून ठेवलेत. आठ दिवस झाले, जागा सापडलेली नाही.