खंडेनवमीला काढलेली चिंधी

माझे सासरे आकाराम यांना गावात सगळे ‘ठासणीवाले अप्पा’ म्हणतात. म्हणायचे, असं आता लिहायला हवं. मी त्यांना मामा म्हणते.

गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून आमचं गाव. वर जंगल आणि जंगलात रानडुकरं. भात पिकायला लागलं की ती खाली उतरतात आणि बघता बघता अर्धा एकर लोळवून जातात. म्हणून गावात सात-आठ घरांत शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. हिला तयार काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि लोखंडी गजानं सगळं ठासायचं. थोडक्यात, प्रत्येक बार घरीच तयार होतो आणि चूक व्हायची तर तीही घरीच होते.

मामांच्या हातून चाळीस वर्षांत ती झाली नव्हती. ते बंदूक भरायला बसले की घरात सुतकासारखी शांतता पसरायची. बसायचं ते पुढच्या सोप्यात, दाराच्या उजेडाला. विडी बंद, रेडिओ बंद, आणि त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. लग्न होऊन मी नवीनच आले होते तेव्हा त्यांना मध्येच विचारलं, “मामा, चहा घेणार?” त्यांनी मापातली दारू डब्यात परत ओतली, झाकण लावलं, सगळं नीट बाजूला ठेवलं आणि मग म्हणाले, “घेतो की.” चहा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मला हसू आवरेना. कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढलेली मी, मला हा सगळा म्हातारपणाचा चाळा वाटला होता.

भरण्याआधी ते गज नळीत सोडून बघायचे. गज पुरता आत गेला तर नळी रिकामी, बाहेर वीतभर राहिला तर आत बार आहे. भरून झालं की नळीच्या तोंडात लाल चिंधी खोचायची. लाल चिंधी दिसली की भरलेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. किंवा कुणी सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. खरं काय ते आता मलाही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाही बोलले होते. भरलेली बंदूक घरात टांगून ठेवायचीच कशाला? मामा म्हणाले, “डुक्कर थांबतंय व्हय आपण भरूस्तवर?” एवढ्या शिस्तीचा माणूस, पण ही एक खोड त्यांची गेली नाही. मला अजून त्या गोष्टीचा राग येतो. स्वतःचा येतो त्याच्यापेक्षा कमी, पण येतो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयता, विळा, कुऱ्हाड, मोटारसायकल आणि बंदूक. सासूबाई जाऊन वर्ष झालेलं, म्हणून घासूनपुसून मांडायचं काम त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे आलं. मामा झेंडू आणायला गारगोटीला गेले होते. माझा नवरा पृथ्वीराज दूध घालायला डेअरीत. मी बंदूक पुसायला घेतली तर नळीच्या तोंडात तेलानं काळी पडलेली चिंधी. देवापुढं असलं घाणेरडं कसं ठेवायचं? धूळ जाऊ नये म्हणून कोंबली असेल, असं मला वाटलं. मी ती उपसली आणि केरात टाकली. मामा आले, त्यांनी पूजा केली, नळीला झेंडूची माळ घातली. माळेखाली काय आहे आणि काय नाही हे कुणाला दिसणार?

त्यानंतर आठवड्यानं, सकाळी आठच्या सुमाराला, पृथ्वीराज ओरडतच आत आला. “अप्पा, डुकरं वढ्याकडच्या भातात घुसल्यात! डुकरं मारायचा वनखात्याचा परवाना हाय आता, सोडायची न्हाय!” मामांनी बंदूक खाली घेतली. नळीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, “चिंधी न्हाय. रिकामी हाय.” ते भरायला बसले. पृथ्वीराज त्यांच्या डोक्यावर उभा राहून सारखा बोलत होता. “आवरा की अप्पा. समदं भात जाईल. किती येळ लावताय?” त्या दिवशी मामांनी दारू डब्यात परत ओतली नाही. गजही आधी सोडून बघितला नाही. त्यांनी घाईनं ठासलं, गज काढून नळीखालच्या कडीत सरकवला, आणि पृथ्वीराजनं बंदूक जवळजवळ हिसकावूनच नेली.

मी चहा आणून दिला. मामा हात पुसत बसले होते. दोन घोट घेतले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “नवरात्राच्या आदी, पितरपाटात भरलीती. त्यो बार काढला कवा?”

“कुठला बार?”

“चिंधी कुणी काढली म्हंतो मी. बार काढल्याबिगर चिंधी निघत न्हाय.”

“चिंधी मी काढली, मामा. पूजेला.”

त्यांनी बशी खाली ठेवली. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “दोन बार हायत आत. नळी फुटंल.”

नळी फुटते ती गालाजवळ आणि डाव्या हाताजवळ, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते कळलंच होतं. मी पृथ्वीराजला फोन लावला. त्याचा फोन घरातच फळीवर चार्जिंगला लावलेला होता, तिथेच वाजायला लागला.

आम्ही पळालो. मामांचा डावा गुडघा वाकत नाही. ते बांधाला हात टेकत, पाय ओढत येत होते आणि मी अनवाणी पुढं.  बांधाच्या टोकाला थांबून मी घसा फाडून ओरडायला लागले, “अहो! थांबा! मारू नका!” तोच मामांनी मागून माझा दंड धरला.

“वरडू नगंस! त्याला हाका वाटंल!”

डुकरं उठवायला माणसं एका बाजूनं आरडाओरडा करतात, त्याला हाका म्हणतात. हाका ऐकला की पलीकडचा बंदूकवाला घोडा मागं ओढून तयार होतो. ओढ्याच्या खळखळाटात माझे शब्द त्याला कळणार नव्हते, नुसता आवाज पोचणार होता. म्हणजे त्याला वाचवायला मी जेवढी ओरडत होते तेवढा त्याचा चाप जवळ येत होता. मी तोंडात पदर कोंबला. देवा, काय करू, एवढंच डोक्यात चाललं होतं.

उतारावरून तो दिसला. जांभळीच्या बुंध्याला टेकलेला, बंदूक खांद्याला, तोंड भाताकडं. आमच्यापासून शंभर-सव्वाशे पावलं. त्याच्या पुढ्यात भात हलत होतं. झाडापर्यंत पळत जायला वेळ नव्हता, हे मलाही दिसत होतं.

मामा बांधावरून खाली भातात उतरले. आधी मला वाटलं पडले. ते गुडघाभर चिखलातून, दोन्ही हात वर करून, तोंडातून एक शब्द न काढता, सरळ पृथ्वीराजच्या नळीपुढं चालत निघाले. बंदुकीपुढं माणूस आलं की बोट चापावरनं काढायचं, हे पृथ्वीराजला त्यांनी लहानपणापासून शिकवलेलं. पण त्याची मान नळीवर वाकली होती आणि डोळा डुकरावर होता. त्याला मामा दिसतील की नाही, कुणाला ठाऊक. दिसायच्या आत त्यानं चाप ओढला तर नवरा जाणार की सासरा, एवढंच ठरायचं होतं. मी डोळे मिटले आणि आवाजाची वाट बघत राहिले.

डुकरं भात तुडवत ओढ्याकडं गेली. मग पृथ्वीराजचा आवाज आला. तो आपल्या बापाला शिव्या घालत होता.

“याड लागलंय व्हय अप्पा! चाप ओढायला आलतो मी! मेला असता की!”

मामा चिखलात खाली बसले होते. त्यांनी हात पुढं केला आणि बंदूक मागून घेतली. आधी घोड्याखालची केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, काढली. घोडा हलके खाली सोडला. मग नळीखालचा गज काढून नळीत सोडला. गज दोन विती बाहेर राहिला. पृथ्वीराज त्या गजाकडे बघत राहिला.

“दोन येळा भरली?”

“इसरलो,” मामा म्हणाले.

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू घराकडं जा, संयोगिता. दूध वर ठिवलंय, उतू जाईल.” वर दूध ठेवलेलं नव्हतं. आणि मी गेले. मला कुणी ढकललं नव्हतं, मी माझ्या पायांनी गेले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ठासणीवाले अप्पा स्वतःच दोनदा भरून बसले. वय झालं, डोकं चालंना. त्यानंतर बंदूक दाखवायला, दारूचं माप विचारायला कुणी आलं नाही.

पंधरा दिवसांनी मामा परवाना परत करायला पोलीस ठाण्यात निघाले. अर्ज लिहायला मला बरोबर घेतलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. ‘वयोमानामुळे माझ्या हातून निष्काळजीपणा झाला असून…’ अक्षर माझं आणि खाली सही त्यांची.

परत येताना एसटीत मी म्हटलं, “मामा, मी सांगते ह्यांना. मला हे सोसवत नाही.”

ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “काय सांगणार? गज माझ्या हातात हुता. बघायला पायजे हुता, बघितला न्हाय.” मग म्हणाले, “तुला ह्या घरात अजून चाळीस वरसं काढायची हायत. तुझ्या नावाला हे चिकटलं तर निघायचं न्हाय. माझं काय, चार दिस.”

ते चार दिवस म्हणाले त्याला आता दोन वर्षं होत आली. मामा धडधाकट आहेत. गावातल्या प्रत्येकाच्या जमिनीचा गट नंबर त्यांना अजून तोंडपाठ आहे. परवा ते विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि पेटीला हात लावणार तोच पृथ्वीराज म्हणाला, “अप्पा, तुम्ही नगासा. तुमाला काय ध्येनात ऱ्हातंय आता? मागं घात झाला असता.” मामा “व्हय बाबा” म्हणाले आणि बाजूला झाले.

मी तिथंच धुणं पिळत होते. आता ते माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी बघितलं नाही.