नवव्या परिच्छेदात कोण बोलतंय?

निकालांची यादी कोर्टात दाखल झालेली होती आणि त्यातल्या एका निकालाची प्रिंट आमच्या ऑफिसात नव्हती. हे मला दुपारी कळलं. सकाळी मी दुसऱ्या कामाला तेलगावला गेलतो. आलो, पिशवी खुंटीला अडकवली, फाईल उघडली आणि वर्षा मॅडमला विचारलं, "ह्यो पाचवा निकाल कुठाय?"

"मोबाईलवर आहे, बापू."

"मोबाईल फाईलला टाचता येतो का?"

ती हसली. मी हसलो नाही.

मी धारूरला वकिलाचा मुन्शी आहे. फायली लावायच्या, तारखा सांभाळायच्या, नकला काढायच्या, पक्षकाराला वेळेवर कोर्टापुढं उभं करायचं, हे मुन्शीचं काम. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही रखडत. पण माझ्या हातातून अपुरी फाईल कोर्टात गेलेली नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. आमच्या वकिलांना सगळे अण्णा म्हणतात. वर्षा मॅडम त्यांची ज्युनिअर. पोरगी हुशार, पण लई घाईची.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हायकोर्टानं, सुप्रीम कोर्टानं आधी एखादा निकाल दिलेला असतो. तो आपल्या कामाचा असला तर वकील खालच्या कोर्टाला म्हणतो, वरच्यांनी असं ठरवलंय, तुम्हीही तसंच करा. त्या निकालाचा पत्ता म्हणजे सायटेशन. साल, पुस्तकाचं नाव, पान नंबर. पत्त्यावर गेलं की घर सापडतं. आत कोण राहतंय ते दार उघडूनच बघावं लागतं.

केस सोजरबाईची होती. डोंगराच्या अंगाला तिचं रान. तिचा नवरा मेंढ्या घेऊन डोंगराखाली गेलेला, शेतीचं सगळं हिच्या अंगावर. रानात जायचा गाडीरस्ता चुलत दिराच्या जमिनीतून. दिरानं जेसीबी लावून त्या रस्त्यावर आडवा चर खोदला. आत कापूस फुटून लोंबत होता आणि बैलगाडी जायला वाट नव्हती. आम्ही दावा लावला आणि सोबत तात्पुरता हुकूम मागितला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत चर बुजवा, रस्ता खुला ठेवा. त्या अर्जावर दुसऱ्या दिवशी सुनावणी होती.

पाचवा निकाल त्याचसाठी. मॅडमला तो एका ॲपवर सापडला होता. नवव्या परिच्छेदातल्या चार ओळी. शेजाऱ्यांनी शपथपत्रावर जुनी वहिवाट सांगितली की बंद केलेला रस्ता लगेच खुला करून द्यावा, असा त्यांचा अर्थ. शेजाऱ्यांची शपथपत्रं सोजरबाईकडं होतीच. आमच्यासाठीच कुणी लिहून ठेवलंय असं वाटावं.

"पुरी प्रिंट काढा," मी म्हणालो. "आन् मला मराठीत सांगत वाचा."

"बापू, केवढी पानं आहेत! कामाचा फक्त नववा परिच्छेद आहे."

"मग पहिल्यापासून सुरू करा. नववा वाटंत लागंल."

आतून अण्णा ओरडले, "तू काय हायकोर्टाचा जज लागून गेलास काय बे? करू दे तिला तिचं काम."

"जज न्हाई, अण्णा. पर टाचणी माझ्या हातात हाय. प्रिंट आल्याबिगर मी टाचत न्हाई."

अण्णा काहीतरी पुटपुटले. प्रिंट निघाली.

मॅडम वाचायला लागली. दर परिच्छेदाला मी एकच विचारायचो, "हे कोण म्हणतंय?" कारण निकालात एकटा जज बोलत नसतो. आधी भांडणाची हकीकत येते. मग एका वकिलाचं म्हणणं, मग दुसऱ्याचं. कोर्ट बोलतं सगळ्यात शेवटी. पण छापलेलं सगळं एकाच अक्षरात असतं. हे मला कुणी शिकवलं नाही. चाळीसेक वर्षं वकिलांच्या पाठीमागं उभं राहून कानावर पडलं.

"सहावा?"

"हकीकत."

"आठवा?"

"अपील करणाऱ्याच्या वकिलांचं म्हणणं."

नववा तिनं भरभर वाचला. पाठच झाला होता.

"हे कोण म्हणतंय?"

"कोर्ट."

"कशावरनं?"

ती मागं गेली. ॲपनं दाखवलेल्या चार ओळींच्या वर, परिच्छेदाच्या सुरुवातीला, एक वाक्य होतं: त्यांनी पुढे असेही मांडले की. त्यांनी म्हणजे आठव्यातल्याच वकिलांनी. ॲपनं ते वाक्य सोडून खालचं दाखवलं होतं.

तिचा आवाज उतरला. "बापू, हे वकिलाचं म्हणणं आहे."

"आन् कोर्ट काय म्हणालं?"

पानं उलटत ती चौदाव्यावर आली. कोर्टानं ते म्हणणं फेटाळलं होतं. नुसत्या शपथपत्रांवर असा हुकूम देता येणार नाही, जागेवर रस्ता आहे का ते आधी बघून घ्या, असं म्हटलं होतं. म्हणजे आमच्याच विरुद्धचा निकाल आम्ही आमच्याच सहीनं कोर्टात दिला होता.

अण्णा बाहेर आले. त्यांनी उभ्याउभ्या नववा आणि चौदावा वाचला, चष्मा काढला. "समोरचा वकील वाचत नसतो, मी ओळखतो त्याला. उद्या नववा वाचून दाखवू. हुकूम झाला की झाला."

"आन् अपिलात?"

"अपिलाचं अपिलात बघू."

"मी ह्यो कागद कोर्टात देणार न्हाई," मी म्हणालो.

"मग मी देतो. वकील कोण आहे इथं?"

दाराशी सोजरबाई बसलेली होती. ती म्हणाली, "तुमचं भांडाण मला कळंना. त्या कागदानं माझा रस्ता खुलतो का न्हाई, एवढं सांगा."

मी सांगितलं, "उद्या खुलंल. वरच्या कोर्टात कुणी पुरा वाचला की परत बंद."

ती दाराशीच उठून उभी राहिली. मग म्हणाली, "चर खोदला तवा सारा गाव बघाया आलता. खुला होऊन परत बंद झाला तर दीर पेढे वाटंल. असला रस्ता मला नगं."

अण्णांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "काढा तो निकाल यादीतून. पण मग उद्या म्हणायचं काय?"

मी मॅडमला म्हणालो, "चौदाव्यात कोर्ट सवताच्या मनानं बोललं का कुणाचा आधार घिऊन?"

आधार होता. एका जुन्या निकालाचा पत्ता तिथं दिलेला होता. कोर्टातल्या वकिलांच्या बार रूमच्या कपाटात ते पुस्तक सापडलं, पण नेमकी ती पानं वाळवीनं खाल्लेली. मॅडमनं तो निकाल हायकोर्टाच्या वेबसाइटवरून काढला, तोही मोबाईलवर. हे लिहायला मला जड जातंय, पण झालं तसं लिहितो.

"पुरा वाचा. आन् ह्यो पुढं कुणी मोडला का त्येबी बघा," मी म्हणालो. सोयरीक जमवताना आपण मुलाच्या घरी चौकशी करत नाही, चार गावं फिरून करतो. निकालाचंही तसंच. आज छापील दिसतो म्हणून तो आज चालतोच असं नाही. मोठ्या बेंचनं पुढं तो मोडलेला असू शकतो.

मोडलेला नव्हता. नंतरच्या निकालांनी उलट त्याचाच आधार घेतला होता. अशा भांडणात कोर्टानं कमिशनर पाठवावा, असं त्यात होतं. कमिशनर म्हणजे कोर्टानं नेमलेला माणूस, बहुतेक एखादा वकीलच. तो जागेवर जाऊन बघतो आणि अहवाल देतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा उठायला लागले तर मॅडम म्हणाली, "सर, यादी मी दिली होती. मीच बोलते."

मी मागं दाराजवळ उभा होतो.

"यादीतला पाचवा निकाल मी मागे घेते, सर."

जजसाहेबांनी पेन थांबवला. "कारण?"

"नववा परिच्छेद वकिलांचा युक्तिवाद आहे, कोर्टाचा निष्कर्ष नाही. माझी चूक झाली."

"आणि चौदावा?"

चौदाव्याचं नाव तिनं अजून काढलेलंच नव्हतं. साहेबांनी यादीवरून तो निकाल आधीच काढून वाचलेला होता. अण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

"चौदावा आमच्या विरुद्ध आहे, सर. पण त्यात ज्या निकालाचा आधार आहे, तो मी पूर्ण आणलाय. आणि कमिशनरसाठी अर्ज आणलाय."

"द्या."

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, पुरावा गोळा करायला कमिशनर देता येत नाही म्हणून. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि कमिशनर नेमला.

कमिशनर गेला. चराच्या अलीकडं मुरमात गाडीच्या चाकोऱ्या होत्या, पलीकडंही होत्या, आणि दोन्ही एका रेषेत. चर मधोमध. त्याचा अहवाल आला, मग हुकूम झाला: चर बुजवा, गाडी जाईल एवढी वाट दाव्याचा निकाल लागेपर्यंत खुली ठेवा. दीर अपिलात गेला. हुकूम टिकला. मूळ दावा अजून चालू आहे.

पण या सगळ्यात वेचणी उरकून गेली. बायांनी डोक्यावर गाठोडी घेऊन चर ओलांडला, बराच कापूस बोंडातच खराब झाला. हुकमाची नक्कल हातात घेऊन सोजरबाई म्हणाली, "रस्ता मिळाला, बापू. कापूस न्हाई मिळाला."

आता आमच्याकडं नवा ज्युनिअर आला की मी त्याला आधी पेन्सिल देतो. निकालाच्या प्रत्येक परिच्छेदापुढं लिहायचं. वादी बोलत असला तर 'वा', प्रतिवादी बोलत असला तर 'प्र', कोर्ट बोलत असलं तर 'को'. कोर्टात फक्त 'को' न्यायचं. वकिलांचं बोलणं बाहेरून आणायची गरज नाही. ते आमच्या ऑफिसातच लई आहे.